विज्ञान-प्रदर्शनातील मुलांचा वाटा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू झाल्या म्हणजे पुष्कळ घरांतून एक निराळीच गडबड उडते. तालुक्याच्या विज्ञान-प्रदर्शनाची तारीख जाहीर झालेली असते. वर्गातील चारपाच मुलांच्या गटाला ‘काहीतरी’ करून न्यावयाचे असते. आणि ते काहीतरी म्हणजे काय, याची चिंता मुलांपेक्षा घरच्या वडील मंडळींसच अधिक लागलेली असते. वडील कचेरीतून येताना पुठ्ठ्याचे तक्ते घेऊन येतात, काका दिव्यांच्या माळा व लहानशी मोटार जोडून देतात, आत्या सुवाच्य अक्षरांत फलक रंगविते, आई रात्री अकरा वाजेपर्यंत कात्री व डिंकाची वाटी घेऊन बसलेली असते, आणि ज्याच्या नावाने हा सारा खटाटोप चाललेला असतो तो चिरंजीव शेजारच्या खोलीत गाढ झोपी गेलेला असतो. शहरांतून तर तयार प्रतिकृती विकत मिळतात. धूर ओकणारा ज्वालामुखी, पाण्याच्या दाबाने उचलणारी यारी, फिरती पवनचक्की, ज्याला जे हवे ते पैसे टाकून घरी आणता येते.

या खटाटोपाच्या मुळाशी माया आहे, हे आम्ही जाणतो. मुलाची फजिती होऊ नये, चारचौघांत त्याचे नाव व्हावे, ही इच्छा कोणास नसते? परंतु या मायेपायी प्रदर्शनात मुलांचा म्हणून जो वाटा असावयाचा तोच कोठे उरत नाही, आणि त्याविषयी चार शब्द लिहावे असे आमच्या मनात फार दिवस घोळत होते.

आम्ही स्वतः विज्ञानाचे शिक्षक नव्हे. आमचे इंग्रजी-मराठी शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे. त्याखेरीज जे काही पदरात पडले ते पाठशाळेत शास्त्रीबुवांपुढे मांडी घालून. त्यात व्याकरण पुष्कळ, न्याय थोडा आणि ज्योतिषगणित त्याहून थोडे. शाळेत आमचे विषय संस्कृत व मराठी. परंतु नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत विज्ञानाच्या शिक्षकांची जागा वारंवार रिकामी पडे, आणि सहावी ते आठवीच्या मुलांचे गट प्रदर्शनास तयार करण्याचे काम आमच्याकडे येई. वैय्याकरणाच्या हाती परीक्षानळी दिली म्हणून सहकारी थट्टा करीत. ती थट्टा आम्हांस गोड वाटे. कारण मुलांबरोबर आमचेही शिकणे होत असे.

ही प्रदर्शने आपल्याकडे आता जुनी झाली. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने मुलांचे राष्ट्रीय विज्ञान-प्रदर्शन १९७१ पासून भरविण्यास आरंभ केला. १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरू लागली. तीत दहा ते सतरा वर्षे वयाच्या मुलांनी आपल्याच गावातील एखाद्या प्रश्नाचा छडा लावावा, अशी योजकांची कल्पना होती. मध्यप्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांतून जो उपक्रम सुरू झाला तो तर याहून पुढे गेला. तेथे सहावी ते आठवीची मुले चारचारांच्या टोळ्या करून बसत, स्वतः प्रयोग करीत, निरीक्षणे स्वतःच्या वहीत लिहीत आणि निष्कर्ष आपसांत वाद घालून ठरवीत. २००२ साली सरकारने तो बंद केला. परंतु मधली तीस वर्षे शेकडो साध्यासुध्या शाळांतून तो चालला होता. या सर्व योजनांच्या मुळाशी एकच अपेक्षा दिसते : मुलाने पाहावे, मोजावे, लिहावे आणि आपल्या सोबत्याबरोबर त्याचा विचार करावा. प्रतिकृती सुबक असावी अशी अट कोणी घातलेली नाही.

आता हे घडवून कसे आणावे, ते एका गटाच्या उदाहरणाने सांगणे बरे.

सन २०११ च्या जून महिन्यात सातवीची पाच मुले आमच्या स्वाधीन झाली. शाळा कृष्णाकाठच्या, सातारा जिल्ह्यातील एका गावी. प्रथम विषय कोणता घ्यावा हा प्रश्न. मुलांनी ज्वालामुखी सुचविला. आम्ही विचारले, “त्यातून तुम्हांस कोणती गोष्ट कळावयाची आहे, जी आज ठाऊक नाही?” पाचही जण गप्प. सोडा व लिंबाचा रस एकत्र केला की फेस येतो हे त्यांस पूर्वीच माहीत होते. आम्ही त्यांस आठ दिवसांची मुदत दिली व एवढेच सांगितले की, ज्याचे उत्तर पुस्तकात पाहून सांगता येणार नाही, आणि ज्याला लागणारे सामान पन्नास रुपयांत येईल, असा प्रश्न शोधून आणा.

आठवे दिवशी त्यांतील एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, दुपारी बारा वाजता सूर्य माथ्यावर येतो असे सगळे म्हणतात. पण साखर कारखान्याचा बाराचा भोंगा होतो ना, तेव्हा आमच्या तुळशीवृंदावनाची सावली अजून लहान होतच असते. मग आपल्या गावात खरी दुपार होते तरी केव्हा?”

आम्हांस मोठा आनंद झाला. हा प्रश्न फार जुना आहे. समतल भूमीवर शंकू, म्हणजे सरळ काठी, उभा करून त्याच्या भोवती वर्तुळ काढावे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जेथे शिवेल तेथे एक खूण करावी, दुपारनंतर जेथे शिवेल तेथे दुसरी. त्या दोन खुणा जोडल्या म्हणजे पूर्व-पश्चिम रेषा मिळते, ही रीत कात्यायनाच्या शुल्बसूत्रात आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लीलावतीत सावल्यांच्या गणितासाठी स्वतंत्र प्रकरणच घातले आहे. हे सर्व आम्हांस पाठशाळेपासून ठाऊक होते. तथापि मुलांपुढे त्यातील अवाक्षर काढावयाचे नाही, निदान त्यांची पहिली वही भरेपर्यंत तरी, असा आम्ही निश्चय केला. वडीलधाऱ्याने आधी उत्तर सांगितले की मुलाचे डोळे तेच उत्तर पाहू लागतात.

गट बनविताना एक अडचण नेहमीची असते. मुलांवर सोपविले तर मित्रमित्र एकत्र जमतात आणि एखादे अबोल मूल कोणालाच नको असते. या गटात चौघे बोलके होते. पाचवा मुलगा वर्गात वर्षभरात दहा वाक्ये बोलला असेल नसेल. त्याला आम्हीच या गटात घातले होते. आणखी एक अडचण अशी की, गटात जो हुशार म्हणून गणला जातो तो सारे काम ओढून घेतो आणि इतर चौघे त्याचे हमाल होतात. यावर उपाय म्हणून आम्ही पाच कामे ठरविली : एकाने ओळंबा धरून काठी सरळ आहे ना ते पाहावयाचे, दुसऱ्याने घड्याळ सांभाळावयाचे, तिसऱ्याने खूण करावयाची, चौथ्याने वही लिहावयाची, आणि पाचव्याने शंका काढावयाची. हे पाचवे काम मुलांस फार नवलाचे वाटले. आम्ही सांगितले की, आपल्याकडील शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडतात, म्हणजे विरुद्ध बाजूचे म्हणणे विरुद्ध बाजूवाल्यापेक्षाही नीट मांडतात, आणि मगच सिद्धान्ताकडे वळतात. तेव्हा ज्याच्याकडे हे काम असेल त्याने ‘हे चूक कशावरून नाही?’ असे विचारीत राहिले पाहिजे, आणि त्याच्यावर कोणी रागावता कामा नये. दर आठवड्यास कामे बदलत. त्यामुळे दिवाळीपर्यंत प्रत्येकाच्या हातून पाचही कामे दोनतीनदा तरी झाली.

पावसाळा असल्याने ऑगस्ट सरेपर्यंत सूर्यदर्शन दुर्मीळच होते. तेवढ्या काळात साधने तयार झाली. याच सुमारास एका मुलाचे वडील आम्हांस भेटावयास आले. त्यांचा बांधकामाचा धंदा. ते म्हणाले, “गुरुजी, काठी न् सावली हे काय प्रदर्शनात मांडणार? मी सूर्यमालेची फिरती प्रतिकृती करून देतो. खर्चाची काळजी तुम्ही करू नका. फक्त आमच्या बाळूला गटाचा म्होरक्या करा.” गृहस्थ मनाने चांगले. आम्ही त्यांस म्हटले, “साहेब, प्रतिकृती तर नकोच; पण तुमच्याजवळ याहून मोलाची वस्तू आहे ती मात्र द्या. ओळंबा कसा धरावा, आणि जमीन सपाट आहे की नाही हे पाण्याने कसे पाहावे, हे या पाच पोरांना शिकवा.” दुसरे दिवशी ते गवंड्याला घेऊन आले. पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोके दोन ठिकाणी धरावयाची आणि दोन्हीकडची पातळी जुळते का ते पाहावयाचे, ही गवंड्यांची नित्याची रीत; ती त्यांनी मुलांकडून चारदा करून घेतली. शाळेच्या पटांगणातील फरशीचा एक कोपरा सपाट निघाला. पाण्याने जमीन तपासून मग शंकू रोवावा, असे जुन्या ग्रंथांतही सांगितलेले आहे. ते त्या गवंड्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण त्याच्या हाताला ठाऊक होते. घरच्या वडील मंडळींनी मदत करावी ती अशी. आपली विद्या मुलाच्या हाती द्यावी. आपले काम मुलाच्या नावावर लावू नये.

काठीच्या सावलीचे टोक पुसट पडते, हा मुलांचा पहिला शोध. सूर्य हा बिंदू नसून तबकडीएवढा दिसतो, म्हणून मीटरभर उंचीच्या काठीच्या सावलीची कड सुमारे एक सेंटिमीटर धूसर होते. टोक नेमके कोणते यावर रोज भांडण. शेवटी घरोघरी कौलांतून पडणारा कवडसा कोणाला तरी आठवला. काठीच्या माथ्याशी, जमिनीपासून बरोबर शंभर सेंटिमीटर उंचीवर, पत्र्याची चकती बसवून तिला बारीक भोक पाडले. त्यातून जमिनीवर जो वाटोळा कवडसा पडे त्याचा मध्य धरावयाचा असे ठरले. फरशीवर दहादहा सेंटिमीटरच्या अंतराने वर्तुळे आखली. या साऱ्यास बेचाळीस रुपये खर्च आला.

२३ सप्टेंबर रोजी, विषुवदिनी, आकाश निरभ्र होते. पन्नास सेंटिमीटरच्या वर्तुळाला कवडसा सकाळी ११ वाजून ६ मिनिटांनी शिवला आणि दुपारी १ वाजून ४७ मिनिटांनी पुन्हा शिवला. दोहोंचा मध्य १२ वाजून साडेसव्वीस मिनिटे. त्या वेळी कवडशाचे अंतर भरले ३२ सेंटिमीटर. मुलांनी कागदावर दहास तीन पूर्णांक दोन या प्रमाणात त्रिकोण काढून कोनमापकाने कोन मोजला. तो पावणेअठरा अंश आला. नकाशावर गावचे अक्षांश पाहिले, तेही जवळजवळ तेवढेच! त्या दिवशी मुले वेळेचे भान विसरून नाचली. विषुवदिनाच्या मध्याह्नीच्या सावलीला आपल्या पंचांगांत पलभा म्हणतात व ती बारा अंगुळांच्या शंकूवर मोजतात, एवढे मात्र त्या दिवशी आम्ही सांगितले. पुण्याची पलभा जवळजवळ चार अंगुळे भरते. आमच्या गावची त्याहून किंचित कमी.

यापुढे जे घडले त्यासाठीच हा लेख लिहिण्यास बसलो आहो.

दिवाळीच्या सुट्टीत चौघे आजोळी गेले. प्रश्न विचारणारी ती मुलगी गावातच राहिली होती. तिने आपल्या अंगणात तसाच शंकू उभा केला, आणि ३ नोव्हेंबरला एकटीने निरीक्षण केले. एकटीने म्हणण्यापेक्षा तिची आजी घड्याळ घेऊन ओसरीवर बसली होती. ऐंशी सेंटिमीटरच्या वर्तुळाला कवडसा १० वाजून ५४ मिनिटांनी व १ वाजून ४१ मिनिटांनी शिवला. मध्य १२ वाजून साडेसतरा मिनिटे. सप्टेंबरच्या मानाने दुपार तब्बल नऊ मिनिटे लवकर झाली होती.

सुट्टीनंतर वही उघडली तेव्हा चौघांनीही तिला वेड्यात काढले. “तुझ्या आजीचे घड्याळ मागे असेल.” “काठी वाकडी असेल.” “गावाची दुपार कधी बदलते काय?” सप्टेंबरचा आकडा सर्वांच्या देखत आलेला, तो नकाशाशी जुळलेला; तेव्हा चुकली असेल तर तीच, हे उघड होते. गटातील चलाख मुलाने तोडगा काढला : “आपण हा आकडा १२ वाजून २६ असा करू. कोणाला कळते? परीक्षक काही ३ नोव्हेंबरला आपल्याकडे आले नव्हते.” मते घेतली गेली. तिघे आकडा बदलण्याच्या बाजूचे. मुलगी रडकुंडीस आलेली. आणि तो अबोल मुलगा, ज्याच्याकडे त्या आठवड्यात शंकेचे काम होते, खाली मान घालून वही चाळीत होता. तो हळूच म्हणाला, “तिचा चुकला असेल. पण आपला चुकला नसेल कशावरून?”

आम्ही बाजूस उभे होतो. त्या मुलीचा आकडा बरोबर होता व तो का बरोबर होता, हेही आम्ही जाणत होतो. एका वाक्यात वाद मिटविता आला असता. पण तसे केले असते तर मुलांनी तिचा आकडा आमच्या शब्दाखातर मानला असता, आणि पुढल्या वेळी शब्द देणारा कोणी नसता तर पुन्हा मते घेतली असती. म्हणून आम्ही इतकेच म्हटले, “बाळांनो, वहीतील आकड्यावर मते घ्यावयाची नसतात. शाईने लिहिलेला आकडा खोडावयाचाही नसतो. तुम्हांस तो पटत नसेल तर सूर्य उद्याही उगवणार आहे.”

दुसऱ्याच दिवशी त्यांनी पुन्हा मोजले. या वेळी घड्याळे तीन, आणि शंका काढण्यास पाचही जण सज्ज. नोव्हेंबरचा मध्य उलटत होता. उत्तर आले १२ वाजून १९ मिनिटे. मुलीच्या आकड्याला अगदी खेटून, आणि सप्टेंबरच्या आकड्यापासून दूर. त्या चलाख मुलाचा चेहरा आम्ही विसरणार नाही. त्याला राग आला नव्हता. त्याचे डोळे मोठे झाले होते. “म्हणजे दुपार खरोखरच सरकते!” असे तो उद्गारला, आणि तेथून पुढे सर्वांत नियमित निरीक्षण त्याचेच असे. डिसेंबरच्या १२ तारखेस दुपार १२ वाजून २७ मिनिटांवर आली, २२ तारखेस १२ वाजून ३२ मिनिटांवर. त्या शेवटच्या दिवशी मध्याह्नीचा कवडसा जवळजवळ ८८ सेंटिमीटरवर पडला. कोन सव्वाएकेचाळीस अंश. त्यातून सप्टेंबरचे पावणेअठरा वजा केले तेव्हा उरले साडेतेवीस. भूगोलाच्या पुस्तकात पृथ्वीच्या अक्षाचा कल म्हणून जो आकडा पाठ करावयास लावतात, तो त्या पाच पोरांनी बेचाळीस रुपयांत शाळेच्या फरशीवर मिळविला होता.

आता मात्र आम्ही कारणे सांगितली. भारताचे घड्याळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशावर लावलेले आहे. आमचे गाव चौऱ्याहत्तरच्या सुमारास. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आमची दुपार सरासरीने ३४ मिनिटे उशिरा. शिवाय पृथ्वी सूर्याभोवती सदैव एकाच वेगाने जात नाही आणि तिचा अक्ष कललेला आहे. या दोन कारणांनी खरी दुपार सरासरीच्या पुढेमागे होते : फेब्रुवारीच्या मध्यास सुमारे चौदा मिनिटे उशिरा, नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे सोळा मिनिटे लवकर. आपल्या ज्योतिषग्रंथांतील भुजांतर व उदयांतर हे दोन संस्कार याच दोन कारणांचे आहेत. हे सांगताना मुलांच्या चेहऱ्यांवर जी ओळख दिसली ती, आधी सांगितले असते तर, दिसली नसती.

जानेवारी २०१२ मध्ये तालुक्याचे प्रदर्शन भरले. मांडणी अगदी साधी : काठी, आखलेला तक्ता, आणि खाडाखोड न केलेली वही. डाव्या-उजव्या बाजूस दिव्यांचा लखलखाट. एका परीक्षकांनी येऊन विचारले, “यात हलते काय?” आमचा अबोल मुलगा पुढे होऊन म्हणाला, “सावली हलते, सर. पण दहा मिनिटे थांबावे लागेल.” परीक्षकांना वेळ नव्हता, ते पुढे गेले. दुसरे एक वयस्क परीक्षक मात्र थांबले. त्यांनी वही चाळली, ३ नोव्हेंबरच्या पानावर बोट ठेवले आणि पाचांपैकी प्रत्येकाला, दुसऱ्याने केलेल्या कामाविषयी, एकेक प्रश्न विचारला. पाचही जणांना उत्तरे आली. तेवढीच काय ती पावती. क्रमांकांच्या यादीत आमच्या गटाचे नाव नव्हते.

परतीच्या एस.टी.त मुले हिरमुसून बसली होती. मुलीने विचारले, “गुरुजी, म्हणजे आपले चुकले का?” आम्ही म्हटले, “ते यादीवरून कसे कळणार? मार्चच्या विषुवदिनी कवडसा कोठे पडेल ते आजच वहीत लिहून ठेवा, आणि त्या दिवशी पाहा.” त्यांनी गाडीतच ३२ सेंटिमीटर असा आकडा लिहिला व खाली पाचांनी सह्या केल्या. २० मार्चला कवडसा बत्तीसावर पडला. घड्याळात मात्र तेव्हा १२ वाजून ४१ मिनिटे झाली होती. पुढे परीक्षा आटोपल्या, सुट्टी लागली, प्रदर्शनाचा विषय सर्वांच्या मनातून गेला; तरी १० मे रोजी भर उन्हात पाचही मुले पटांगणात हजर! त्या दिवशी आमच्या गावी सूर्य खरोखर माथ्यावर येतो. साडेबाराच्या सुमारास कवडसा सरकत सरकत काठीच्या बुंध्याशी आला आणि सावली नाहीशी झाली. बक्षीस नाही, परीक्षक नाही, गुण नाहीत. ती मुले कोणाकरिता आली होती? ज्या घरांतून रात्री अकरापर्यंत पुठ्ठे कापले जातात त्या घरांस आम्ही हा प्रश्न आदरपूर्वक विचारू इच्छितो.

आमच्या वाचक बंधुभगिनींनी यावरून असे समजू नये की, मुलांना वाऱ्यावर सोडून द्यावे. वडील मंडळींना पुष्कळ करता येण्याजोगे आहे. मूल एखादा वेडावाकडा प्रश्न घेऊन आले तर त्याला हसू नये. तुळशीवृंदावनाच्या सावलीचा प्रश्न त्या मुलीच्या घरी कोणी हसण्यावारी नेला असता तर पुढचे काहीच झाले नसते. घरात ज्याला जी विद्या येते, मग ती शिवणाची असो, हिशेबाची असो की स्वयंपाकाची, तिच्यातील मोजमापाची रीत मुलाच्या हाती द्यावी. पिठात पाणी किती, विरजण किती वेळात लागते, यांतही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. त्या आजीने घड्याळ धरून बसण्यापलीकडे काही केले नाही. परंतु नात सांगेल तेव्हाच तिने वेळ सांगितली आणि आकड्याविषयी आपले मत दिले नाही. एवढा संयम शिकल्यासवरल्या माणसांनाही साधत नाही.

आपल्या मुलाला गटाचा म्होरक्या करा असा आग्रह कोणी धरू नये. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे निराळे सांगावयास नको. दहा माणसांच्या घरात ज्याचा शब्द चालतो त्याचाच शब्द नेहमी बरोबर असतो असे नाही. आणि धाकट्या सुनेने पाहिलेली गोष्ट, ती धाकटी आहे म्हणून, खोटी ठरत नाही. मुलांच्या गटाचेही तसेच. चौघांच्या विरुद्ध एकटीने आपला आकडा धरून बसणे, आणि चौघांनी तो खोडण्याऐवजी पुन्हा मोजून पाहणे, या दोन गोष्टी सातवीच्या वयात एकदा घडल्या तर त्या मुलाला प्रदर्शनाने पुष्कळ दिले असे आम्ही समजू. पुढे ते मूल डॉक्टर होवो, दुकानदार होवो की शेती करो, त्याच्यापुढे असे प्रसंग येणारच आहेत. रोग्याच्या तपासणीचा आकडा, वजनकाट्यावरील आकडा, सहकारी संस्थेच्या वहीतील आकडा, हे सारे कोणी ना कोणी ‘जुळवून घ्या’ म्हणून सांगणारच.

या वर्षी आपल्या घरातील मूल प्रदर्शनासाठी काही करीत असेल, तर एक संध्याकाळ त्याच्याजवळ बसून त्याची वही मागावी. प्रतिकृती पाहू नये. वहीत न जुळलेला एखादा आकडा सापडला, तर तो कोणी मोजला, कसा मोजला आणि पुन्हा मोजून पाहिला काय, एवढे विचारावे व ऐकून घ्यावे. वहीच नसेल, तर कात्री व डिंक खाली ठेवून मुलाला एक कोरी वही आणून द्यावी.